दहाव्या माळ्यावर थांबलेला डाव

भाऊ, तुझी डबी अजून सुरू आहे.

हे लिहायला मी नंदनवनच्या घरात, तुझ्या मागच्या खोलीत बसले आहे, त्याच डुगडुगणाऱ्या स्टुलावर. समोर टीव्ही बंद आहे आणि त्याच्याखाली साबणाच्या डबीत बसवलेला तुझा तळहाताएवढा कॉम्प्युटर जागा आहे. डबीला तू पाडलेल्या भोकातून त्याचा लाल दिवा दिसतो. परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, मांडव निघाला, सतरंज्या ज्याच्या त्याला परत केल्या. या एवढ्या एका वस्तूला मात्र तू गेलास हे अजून कळलेलं नाही.

आणि मला तिची भीती वाटते. मी दिवसभर मिहानमधल्या ऑफिसात बसून लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून सुरू करून देते, आणि इथे सुरू असलेल्या एका साबणदाणीजवळ हात न्यायला घाबरते. तू असतास तर म्हणाला असतास, "काहून भेते वं बेबे इतकी? बॉम्ब आहे का तो?" बॉम्ब बरा, भाऊ. बॉम्बला जपावं लागत नाही.

बटणावर तुझी चिकटपट्टी आहे. मार्करने लिहिलेली, तुझ्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात: "पॉज आहे. हात लावू नये." तू पॉज केल्यापासून एकोणीस दिवस वैनीने हात लावला नाही. तिने या खोलीत झाडूही आतपर्यंत आणला नाही, दारातूनच मागे फिरते. तुझा फोटो पुढच्या खोलीत आहे, पण दिवा तिने इथे लावला होता, डबीच्या शेजारी. तेरा दिवस आम्ही दोघींनी दोन दिवे सांभाळले. तेलाचा परवा शांत झाला. हा राहिला.

ही पट्टी काही नवी नाही. आपल्या लहानपणी ती पाटी होती. सीताबर्डीवरून बाबांनी आणलेल्या त्या चिनी व्हिडिओ गेमला डाव जपून ठेवायची सोयच नव्हती. बंद केला की पुन्हा पहिल्या माळ्यापासून. त्या खेळाचं खरं नाव आपल्याला कधीच कळलं नाही. छत्री घेऊन माळ्यामागून माळे चढणारा माणूस, म्हणून आपण त्याला छत्र्या म्हणायचो. तुझी छत्री काळी, माझी लाल. तुझा माणूस पडला की माझी पाळी, माझा पडला की तुझी. शाळेची वेळ झाली की तू पॉज करायचास, टीव्ही तेवढा बंद करायचास आणि मशीनपुढे पाटी उभी करायचास: "पॉज आहे. हात लावू नये." एकदा आईने झाडताना पाटी उचलली, मशीन पुसलं आणि नीट बंद करून ठेवलं. तेव्हा आपण सातव्या माळ्यावर होतो. तू त्या दिवशी जेवला नाहीस, आणि आई बिचारी शेजारणीला विचारत राहिली की पोराचं काय मोडलं.

चाळीस वर्षांचा टीव्ही मेकॅनिक झाल्यावरही तू तसाच राहिलास. हा छोटा कॉम्प्युटर मी तुला आणून दिला. जुने सगळे खेळ त्यात चालतात हे दाखवलं, आणि त्यात आपला छत्र्या सापडला तेव्हा दुकानातलं गिऱ्हाईक सोडून तू नाचलास. मी सांगितलं, भाऊ, आता पाहिजे तिथे डाव सेव्ह करता येतो, दोन बटणं दाबायची फक्त. तुझं तोंड असं झालं की जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलं.

"सेव्ह करून खेळणं म्हणजे कॉपी करून पास होणं. मले नाही पाहिजे."

आपल्या भांडणांची सुरुवात तिथून. दुसरं भांडण बंद करण्याचं. मी म्हणायचे, आधी मेनूतून बंद कर, मग बटण. नाहीतर आतलं मेमरी कार्ड खराब होतं. तू खटकन बटण दाबायचास. "टीव्ही बंद कराले कोणाची परवानगी घ्या लागते का वं?" आणि तिसरं, सगळ्यात चिवट भांडण चार्जरचं. तू डबीला मोबाइलचा चार्जर लावला होतास, कोणत्या तरी गिऱ्हाइकाने दुकानात विसरलेला. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची. मी शंभरदा सांगितलं की ती खूण म्हणजे याला करंट पुरत नाही, मध्येच मान टाकेल, चांगला अडॅप्टर घे. पालथ्या घड्यावर पाणी. "पंचवीस वर्षं करंटमध्येच हात घालून राहिलो मी. मले शिकवते का? ते वीज शोभेची आहे, शोभेची."

एकदा मी हट्टाने त्यात कीबोर्ड खुपसला, तुला काहीतरी दाखवायला. तेवढाही भार त्याला झेपला नाही. डबी बंद पडून पुन्हा सुरू झाली आणि तुझा सहावा माळा गेला. मी म्हटलं, बघ, चार्जर! तू म्हणालास, बघ, कीबोर्ड! दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी बेसाला माझ्या दारात कलिंगड घेऊन उभा. चार्जर बदलला होतास का? नाही.

आता मी इथे बसून वहीत अडचणी लिहिते आहे, ऑफिसात लिहिते तशा. लिहिल्या की भीती कमी होते असं मी नव्या पोरींना शिकवते. कमी होत नाही, भाऊ.

डाव कुठेही लिहून ठेवलेला नाही, तो नुसत्या विजेवर उभा आहे. वीज गेली की तो गेला. तुझा इन्व्हर्टर म्हातारा झाला आहे आणि या उन्हाळ्यात लाइटचा काही भरवसा नाही. सेव्ह करावं म्हटलं, तर कार्ड तुझ्या खटकन बंद करण्याने इतकं खराब झालंय की त्यातून वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. शेवटच्या रविवारी सुरू करतानाच तसं पडद्यावर आलं होतं. तू म्हणालास, "वाचता येते ना? मंग झालं." पेन ड्राइव्ह लावावा, तर कीबोर्डचं झालं ते माहीत आहे. नेटवरून आत शिरावं, तर ते तूच काढून टाकलंस, खेळाला नेट कशाला म्हणून. आणि खेळायचा पॅड तू उघडून, स्वतःच्या सोयीने बटणं फिरवून तारांना कथलाचे डाग दिलेस. एका जोडीने सेव्ह होतं, दुसऱ्या जोडीने खेळ पुसून पहिल्यापासून सुरू होतो, आणि कोणती कोणती हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

म्हणजे काहीच करायचं नाही, नुसतं जपत बसायचं. तेही जमण्यासारखं नाही. सकाळी वैनी दारात उभी राहून म्हणाली, "बेबीबाई, ते चार्जर लय तापून राहिलं. वास बी येते. तुम्ही पाहा एकदा." मी हात लावला आणि मागे घेतला. चपाती शेकेल इतका गरम होता. "मले धाक वाटते," ती म्हणाली. "हे गेले, आता घर पेटलं तर मी कुठं जाऊ? पण त्यायनं लिहून ठेवलं, हात लावू नये. मी कसा लावू?"

तिच्या भीतीत घर होतं. माझ्या भीतीत काय आहे ते मी तिला सांगितलं नाही. तुला सांगते.

मंगळवारी तुझा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते. तू ओरडलास, "बेबे, रविवारच्याच डावात दहावा माळा लागला वं!" तीस वर्षांत आपल्या दोघांपैकी कोणीही नवव्याच्या वर गेलं नव्हतं. मी दबक्या आवाजात म्हटलं, मग खेळ ना पुढे. तू म्हणालास, "नाही. तुह्यासमोर खेळतो. पॉज करून ठेवला. उद्या ये." मी म्हटलं, "उद्या नाही गा भाऊ जमत, रविवारी पाहू."

बुधवारी तुला दवाखान्यात नेलं. तिथेही तू, नाकात नळी, मला जवळ बोलावून काय सांगितलंस? "डबी बंद नोको करू देऊ कोणाले." मी हसले. मला वाटलं, ज्याला खेळाची काळजी आहे त्याला काही होत नाही. रविवार उजाडायच्या आत तू गेलास.

तो डाव तू माझ्यासाठी थांबवलास. मी आले असते तर तू खेळला असतास, पडला असतास नाहीतर जिंकला असतास, बटण खटकन बंद केलं असतंस आणि आज इथे काहीच उरलं नसतं. मला ते चाललं असतं.

आणखी एक आहे. लहानपणी तुझी पाळी संपता संपायची नाही. तू आठ-आठ माळे चढायचास आणि मी शेजारी बसून कंटाळून म्हणायचे, "मर ना भाऊ आता लवकर!" रोज म्हणायचे. सगळेच म्हणतात. शेवटच्या रविवारीही म्हटलं. तासभर झाला तरी तुझी काळी छत्री पडेना, मला बेसाला जाऊन स्वयंपाक करायचा होता. "मर ना गा आता, मले जायचं आहे." तू पडद्यावरची नजर न काढता हसलास, आणि मी माझी पाळी न घेताच निघून गेले. मी शिकलेली बाई आहे. बोलण्याने काही होत नसतं हे मला कळतं. पण तू गेल्यापासून ते वाक्य मला सोडत नाही. आता या डबीतला माणूसही माझ्या हातून गेला तर ते दुसऱ्यांदा म्हटल्यासारखं होईल. म्हणून हात पुढे जात नाही.

इथे लिहिणं थांबलं, कारण लाइट गेली.

पुढचं दुसऱ्या दिवशी लिहिते आहे, माझ्या घरून.

दुपारचे साडेतीन झाले होते. पंखा एक क्षण मंदावला, इन्व्हर्टरने तो पकडला आणि मग त्या म्हाताऱ्याने टीं-टीं सुरू केलं. मी डबीकडे पाहिलं. लाल दिवा लुकलुकला, पण राहिला. वैनी धावत आली. "किती वेळ चालते हे?" मला माहीत नव्हतं. दहा मिनिटं, अर्धा तास. तुला आवाजावरून कळलं असतं.

तुझ्याकडे पॉवर बँक असेल म्हणून मी टेबलाचा खालचा खण ओढला. ती कशी लावायची, डबीची वायर न काढता, हे कुठे ठाऊक होतं? पण हात काहीतरी शोधत होते. वायरींची वेटोळी, जुने रिमोट, आईचं चष्म्याचं घर. आणि त्याखाली एक खोका. न फोडलेला. चांगला अडॅप्टर, मी सांगितला होता तोच, आणि त्याला रबराने बांधलेलं नवीन कार्ड. वर चिकटपट्टी होती. मी ती वाचली, मग वैनीला दिली, कारण मला मोठ्याने वाचवेना.

"डबीसाठी. डाव संपल्यावर लावणे."

भाऊ, तू आणला होतास. गुपचूप आणून ठेवला होतास, आणि मला सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतं तर मी जिंकले असते. आणि लावला का नाहीस, तर लावायचा म्हणजे डबी बंद करावी लागणार, आणि डाव तर माझ्यासाठी थांबलेला. तू त्याच खोड्यात अडकला होतास ज्यात मी अडकले. मी तिथे फरशीवर बसून रडले. तू गेल्यापासून मी सगळ्यांसमोर नीट वागले होते, तिथे मात्र इन्व्हर्टरच्या टीं-टीं-टींत हुंदके देऊन रडले.

वैनीने पट्टी उलटसुलट पाहिली. ती कधी पॅडला हात लावणारी नाही, तिच्यासाठी ते सगळं पोरखेळ. पण तिने जे वाचलं ते मी वाचलंच नव्हतं. म्हणाली, "बेबीबाई, यात जपून ठेवा असं कुठं लिहिलं? डाव संपल्यावर लिहिलं. मंग संपवा ना."

मी म्हटलं, "वैनी, मले दहावा माळा येत नाही. मी पाचव्याच्या वर कधी गेली नाही. पडला तर?"

"पडन. त्यायच्या हातून बी पडलाच असता."

तिने उठून पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं, पुढच्या खोलीतले दिवे बंद केले, म्हणजे बॅटरी टिकेल तेवढी टिकेल. एप्रिलच्या त्या भट्टीत आम्ही दोघी टीव्हीपुढे बसलो. मी टीव्ही लावला. पडदा काळा. सिग्नल नाही, असं आलं. मी वैनीचा हात इतका घट्ट धरला की नंतर तिने बांगडी रुतल्याची खूण दाखवली. मग चित्र आलं.

काळी छत्री दहाव्या माळ्याच्या पायरीशी उभी होती. एकच जीव शिल्लक. कोपऱ्यात पिवळी वीज चमकत होती.

तू जिथे थांबला होतास तिथून तो दहावा माळा मी पाहिला. तू एकटाच पाहून गेला होतास तो. आपल्याला वाटायचं तसं काही मोठं नाही तिथे, भाऊ. निळं आभाळ आहे, तीन कठडे, आणि वरून पडणाऱ्या कुंड्या. पण तो तू मला दाखवायला ठेवला होतास, आणि मी एकोणीस दिवस उशिरा आले.

मी पॉज काढला.

तू फिरवलेली बटणं मला माहीत नव्हती, तर पहिल्याच उडीला मी छत्री उघडायची ती मिटली. वाचले. दुसऱ्या कुंडीने जवळजवळ नेलं. वैनी ओरडली, "डावीकडं! डावीकडं वं!" वीस वर्षांच्या संसारात तिने तुला कधी असं ओरडून सांगितलं नसेल. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात रिकामा नव्हता. पहिला कठडा गेला. दुसऱ्यावर मी थांबून राहिले, नुसती उभी, कारण उभं राहिलं की पडत नाही. मग वरून कुंडी आली आणि उडी मारावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझी पाळी लांबावी म्हणून खेळत होते. मी पुटपुटत होते, "पडू नोको भाऊ, पडू नोको," आणि मला ते ऐकू येत होतं.

तिसऱ्या कठड्यावर पाय लागला आणि निसटला. छत्री उलटी झाली, जशी नेहमी होते, आणि तो माणूस दहा माळे खाली गेला. माणूस पडला की वाजतात ते चार सूर वाजले.

वैनीने पदर डोळ्यांना लावला. मग पडद्यावर लाल छत्री आली, चौथ्या माळ्यावर, मी रविवारी न घेतलेली पाळी. वैनी म्हणाली, "आता कोणाची?"

"माझी."

तुला आठवतं, पॅड माझ्या हाती देण्याआधी तू तो शर्टाला पुसायचास? घामट हाताचा पॅड बेबेला नको म्हणून. लहानपणापासून, कधी न चुकता, भांडण चालू असलं तरी. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. मी पॅड ओढणीला पुसला आणि घेतला.

माझी पाळी पाच मिनिटांत संपली. पाचव्या माळ्यावर, नेहमीप्रमाणे. डाव संपल्याची अक्षरं आली. मी मेनूत गेले, नीट बंद करायचं निवडलं, पडदा काळा होईपर्यंत वाट पाहिली. मग बटणावरची पट्टी नखाने काढली. ती वैनीला दिली, तिने ती देवघरातल्या डब्यात ठेवली आहे. बटण दाबलं. लाल दिवा गेला. भीती संपली असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? ती संपली नाही. आता कुणी उद्या ये म्हटलं की मी रविवारची वाट पाहणार नाही, एवढंच.

लाइट सव्वापाचला आली. जुना चार्जर वैनीने चिमट्याने उचलून अंगणात नेला, विंचू न्यावा तसा. मी तुझा खोका फोडला, नवा अडॅप्टर लावला आणि डबी सुरू केली. छत्र्या आला. पहिला माळा, काळी छत्री, लाल छत्री. मी उजव्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं, दहा मिनिटं. वीज एकदाही चमकली नाही.

चार्जरच होता, भाऊ. माझंच बरोबर होतं. आता हे कोणाला सांगू?